कप्पेकाकांचा शेवटचा फिल्टर

सासऱ्यांनी गाडीचा ऑइल-फिल्टर माझ्या हातात दिला तेव्हा तो अख्खा होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्याला जबाबदार मी, माझा स्वभाव, आणि एकतीस वर्षं पगार देऊन तो स्वभाव पोसणारी झाकणांची कंपनी, याच क्रमाने.

पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवायचा कारखाना होता तो. मी तिथे तपासनीस. दर लॉटमधून पाच झाकणं उचलायची, ती कापायची, कडेचं रबर बघायचं आणि उरलेल्या दहा हजारांच्या नशिबावर शिक्का मारायचा. काम सोपं, पण त्याने माणूस बिघडतो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी मी बाजारात टोमॅटो दाबून बघतो आणि भाजीवाली माझे हात बघते. नवा शर्ट घेतला की खांद्याची शिवण ताणून बघतो, उसवते का ते. उसवतेच. मग बायको सुई-दोरा घेऊन बसते आणि म्हणते, "अहो, तुम्ही उसवली म्हणून उसवली." 

सासरे, म्हणजे अप्पा, पाच वर्षांपासून आमच्याकडेच राहतात. वय एक्याऐंशी. उभा जन्म मोटारींच्या वर्कशॉपमध्ये हेड मेकॅनिक म्हणून गेला. आले ते दोन बॅगा, एक हत्यारांची पेटी आणि चोवीस वर्षांची पांढरी गाडी घेऊन. ही गाडी बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली, पण गाडीला ते कुणी कळवलेलं नसावं. दोन वर्षांपूर्वी अप्पांची नजर कमी झाली आणि किल्ली माझ्याकडे आली. तेव्हापासून मी चालवतो आणि ते शेजारी बसून ऐकतात. रस्ता त्यांना नीट दिसत नाही, पण मी गिअर उशिरा टाकला की लगेच घसा खाकरतात.

त्यांचे एक मित्र आहेत. त्याच वर्कशॉपमध्ये सुट्या भागांच्या खिडकीमागे बसायचे. कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात आहे हे न बघता सांगायचे, म्हणून सगळे त्यांना कप्पेकाका म्हणायचे. खिडकीच्या एका बाजूला अप्पा, दुसऱ्या बाजूला कप्पेकाका, अशी दोघांची वर्षानुवर्षं गेली. आता कप्पेकाकांच्या हृदयाने हात टेकले होते. डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. घर आमच्यापासून दोन तासांवर. सोमवारी सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला, "अप्पा, या रविवारी येऊन जा. त्यापुढे थांबू नका." अप्पा फोन ठेवून खिडकीपाशी गेले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रविवारी जाऊ. त्याआधी गाडीचं ऑइल बदला, फिल्टरसकट."

मित्र आजारी आहे आणि हे फिल्टरचं काय काढतात, असं मला वाटलं. पण सांगितलेलं काम मी टाळत नाही, उलट गरजेपेक्षा जास्त करतो. शिवाय गाडीची तक्रार होतीच. सकाळी चालू केली की पहिली तीन-चार सेकंदं इंजिनातून टकटक यायची. त्याचं कारण मी वाचून काढलं. फिल्टरच्या आत रबराची एक छोटी झडप असते. गाडी बंद झाली की ती ऑइल आत धरून ठेवते. ती कडक झाली की रात्रीतून ऑइल खाली उतरतं आणि सकाळी इंजिन काही क्षण कोरडंच फिरतं. म्हणजे सगळा खेळ रबराचा. रबर! माझा विषय! मला तर हत्तीचं बळ आलं.

सोमवार ते गुरुवार मी चार दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने काउंटरवर खोका ठेवला आणि म्हणाला, "हा लागतो तुमच्या गाडीला." मी खोका उघडला, फिल्टर हातावर तोलला, आटे बघितले, भोकांतून टॉर्च मारली, कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. "हे काय वाजतंय?" मी विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही हलवताय म्हणून वाजतंय." दुसऱ्या दुकानात मी फिल्टर दाबून बघितला आणि पत्र्याला अंगठ्याची खळी पडली. तो मला विकत घ्यावा लागला. तिसऱ्याने माझी सगळी तपासणी हाताची घडी घालून बघितली आणि शेवटी विचारलं, "साहेब, फिल्टर घ्यायचाय का जावई शोधताय?"

आणलेले फिल्टर मी बाल्कनीत कापले. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने मला घड्याळ दिलं होतं आणि मी स्वतः मागून डबा कापायचं हत्यार घेतलं होतं. त्याचं चाक पत्र्यावरून गोल फिरतं आणि झाकण कीस न पाडता अलगद सुटतं. पहिल्या फिल्टरमध्ये कागदाच्या घड्या मोजल्या तर अडतीस, त्यातही दोन ठिकाणी डिंक सुटलेला. खळीवाल्यात झडपच नव्हती, नुसती रबराची चकती टाकून दिलेली. चौथ्या दुकानातला मात्र निघाला रत्न. चौसष्ट घड्या, सगळ्या सारख्या अंतरावर, झडप मऊ आणि नखाने ओढली तरी परत जागेवर. मी दोन घेतले होते. एक कापला, एक ठेवला. लॉट पास. जेवणाच्या टेबलावर मी घड्यांचा हिशेब सांगत होतो आणि बायको म्हणाली, "आमटी गार होतेय." अप्पा माझ्या नखांतलं काळं बघत जेवले.

शुक्रवारी दुपारी ते माझ्याकडे आले. हातात एक जुना पुठ्ठ्याचा खोका होता. कोपरे झिजलेले, वर पेनाने लिहिलेला आकडा फिकट झालेला. "इतके हिंडताय कशाला?" ते म्हणाले. "हा बसवा."

वर्कशॉप बंद झालं तेव्हा कप्पेकाकांनी या गाडीचे बारा फिल्टर बाजूला काढून अप्पांना दिले होते, हे मला माहीत होतं. दर वर्षी एक, असे ते वापरत आले होते. हा बारावा.

"अप्पा, मी एक चांगला आणलाय," मी म्हणालो.

"असेल. पण हाच बसवा. शेवटचा आहे, सांभाळून." आणि खोका माझ्या दोन्ही हातांत दिला, तान्हं मूल देतात तसा.

आता कुणीही शहाण्या माणसाने काय केलं असतं? बसवला असता आणि हात धुतले असते. मीसुद्धा त्याच हेतूने शनिवारी जेवण झाल्यावर बाल्कनीत बसलो होतो. जुनं ऑइल सकाळीच काढून झालं होतं. फक्त फिल्टरच्या रिंगला थोडं ऑइल लावायचं, हाताने आवळायचा, बस्स. म्हणून रिंगवर बोट फिरवलं. रबर बोटाला लागलं नाही. म्हणजे लागलं, पण मऊ लागलं नाही. नख रुतवून बघितलं. रुतेना. बाहेरचं असं, तर आतल्या झडपेचं काय? टॉर्च मारली. काडी घालून बघितली. काही कळेना. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. एकतीस वर्षांत एकही वस्तू न बघता पुढे सोडली नव्हती, आणि सासऱ्यांच्या गाडीत डोळे मिटून घालू? दोन तासांचा रस्ता, शेजारी एक्याऐंशी वर्षांचा माणूस! जबाबदारी कुणाची? माझी!

हत्यार हातात कसं आलं ते मला खरंच आठवत नाही. चाक फिरायला लागलं आणि त्या ओळखीच्या करकर आवाजाने मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. झाकण सुटलं तेवढ्यात बायको वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत आली.

"अहो, हा अप्पांचा ना?"

"हो. तपासतोय."

"शेवटचा होता ना?"

"हो."

ती हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली. "मग आता पास झाला तर बसवणार काय?"

आई शप्पथ सांगतो, हा प्रश्न तोपर्यंत माझ्या मनात आलाच नव्हता. माझ्या आयुष्यात प्रत्येक कापलेल्या झाकणामागे दहा हजार न कापलेली उभी असायची. इथे मागे कुणीच नव्हतं. माझ्या मांडीवर अख्खा लॉट होता, दोन तुकड्यांत.  मग वाटलं, देवा, निदान हा खराब तरी निघू दे.

आणि निघाला! झडप बोट लावताच बिस्किटासारखी तुटली. डिंक सुकून भुगा झालेला. कागदाची घडी उलगडायला गेलो तर ती हातात आली. "बघ!" मी ओरडलोच. "बघ, बघ, रबर बघ! दगड झालाय! हा घातला असता तर?" बायकोने टॉवेलची घडी घातली, पण मला तिच्या शाबासकीची गरजच नव्हती. माझा जीव भांड्यात पडला होता. मी मूर्ख नव्हतो, मी बरोबर होतो. तुकडे उचलून मी अप्पांच्या खोलीकडे जवळजवळ पळत गेलो.

दार अर्धं उघडं होतं. अप्पा पलंगावर बसून फोनवर बोलत होते. शेजारी उद्यासाठी इस्त्री केलेला शर्ट. "अरे येतो म्हटलं ना उद्या," ते म्हणत होते. ऐकू कमी येणाऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने. "तुझाच फिल्टर घालून येतोय. हो, शेवटचा. अरे चांगला असणारच, तू निवडून दिलेला आहेस." आणि हसले. सोमवारपासून पहिल्यांदाच हसले.

मी दाराबाहेर उभा. हातात पुरावा. एका माणसाने बारा वर्षं जपलेली वस्तू कचरा होती, हे सिद्ध करणारा इतका भक्कम पुरावा मी नोकरीतसुद्धा कधी गोळा केला नव्हता. माझा उत्साह पार गळून गेला. तुकडे लुंगीच्या मागे धरून मी बाल्कनीत परतलो, तुकडे वाइसच्या लोखंडी जबड्यात घालून आवळले आणि त्यांचा ओळखू न येण्याइतका चेंदा केला. बायको कपड्यांच्या घड्या घालत बघत होती. "शहाणे झालात," एवढंच म्हणाली.

मग गेलो आणि अप्पांना सांगितलं. "अप्पा, फिल्टर गेला. वाइसमध्ये धरला होता, जरा जास्त आवळला गेला, चेपला."

त्यांना आधी कळलंच नाही. "वाइसमध्ये? फिल्टर वाइसमध्ये कशाला?"

याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं. "पुसायला," मी म्हणालो.

त्यांनी वाकून माझा चेहरा जवळून बघितला. मग जे सुरू झालं ते चहाच्या वेळेपर्यंत चाललं. एक साधा फिल्टर सांभाळता येत नाही? वर्कशॉपमध्ये असतात तर पहिल्या दिवशी हाकललं असतं तुम्हाला! एवढ्या मोठ्या माणसाच्या हाताला वळण नाही? झाकणं मोजून मोजून डोकंही झाकणाचंच झालं! मी मान खाली घालून ऐकत होतो. खरं सांगतो, मला आतून बरं वाटत होतं. वाटत होतं, मी केवढा त्याग करतोय! बरोबर असून शिव्या खातोय! माझ्याच मोठेपणाने माझे डोळे भरून आले. पुढे काय ऐकायचं आहे याची कल्पना असती तर इतका फुगलो नसतो.

रविवारी सकाळी गाडीत माझा चौसष्ट घड्यांचा फिल्टर होता. किल्ली फिरवली. टकटक नाही. एकदम गप्प, लोण्यासारखं इंजिन. मी हळूच अप्पांकडे बघितलं. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. दोन तासांत एकदाही घसा खाकरला नाही.

कप्पेकाका पलंगावर उशांना टेकून बसले होते, नाकात नळी. हात इतके बारीक झाले होते की मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. सुनेने आमच्यासाठी खुर्च्या आणल्या. अप्पा खुर्चीवर न बसता पलंगाच्या कडेलाच बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. 

मग कप्पेकाकांनी विचारलं. एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागत होता. "माझाच घातलास ना रे?"



"तुझाच," अप्पा म्हणाले. क्षणाचाही वेळ न घेता. "दुसरा चालतो का तिला? सकाळी चालू केली तर आवाज नाही."

कप्पेकाकांचा चेहरा उजळला. "बघ. बारा वर्षं. माल तसाच." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही मोठे तपासनीस. तपासलात का?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. हातातल्या हाताकडेच बघत होते.

"तपासला, काका," मी म्हणालो. "पास."

कप्पेकाका हसले. सुनेला म्हणाले, "ऐकलंस? पास." आणि मग डोळे मिटून पडून राहिले, हसू तसंच ठेवून. आम्ही तासभर बसलो. निघताना अप्पांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि जिना उतरताना एकदाही मागे वळून बघितलं नाही.

परतीच्या रस्त्याला लागलो. गाव मागे पडलं, मोकळा रस्ता आला, तेव्हा कुठे अप्पा बोलले.

"खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात."

"अप्पा, काकांना काय सांगणार होतो मी..."

"आजचं नाही म्हणत. कालही झाले होते."

मी गाडीचा वेग कमी केला. 

"कापलात ना?" त्यांनी विचारलं.

"कापला."

"रबर गेलं होतं?"

"दगड झालं होतं, अप्पा. कागदही सुटला होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

"मागच्या वर्षीच्याचंही गेलं होतं. त्याच्या आदल्याचंही. चाळीस वर्षं इंजिनं ऐकली मी, मला टकटक कळत नाही होय?"

आता मात्र मला राहवेना. माझी चीड वर आली. चार दिवस मी दुकानं हिंडलो, शिव्या खाल्ल्या, आणि यांना सगळं ठाऊक! "मग तोच बसवायचा हट्ट कशाला केलात?" मी जरा जोरातच विचारलं. "इतका खराब फिल्टर?"

"दोन तासांत काय होणार होतं इंजिनाला? काही नाही. घरी येऊन तुमचा घातला असता."

"पण कशासाठी?"

अप्पांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"तो विचारणार हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "त्याच्याशी मी आजवर कधी खोटं बोललो नव्हतो."

मी गिअर टाकला, या वेळी अगदी वेळेवर. गाडी मात्र छान चालली होती.